हेडऑफिस शिकायला गेलं तेव्हा

आमच्या घरात ताईला हेडऑफिस म्हणायचे. हे नाव मीच ठेवलं होतं आणि ठेवलं तेव्हा आपण फार विनोदी आहोत असं मला वाटलं होतं. सिलिंडर संपला, हेडऑफिस. विजेचं बिल दुप्पट आलं, हेडऑफिस. आईच्या पेन्शनसाठी ती जिवंत असल्याचा दाखला, माझ्या मुलीचा शाळाप्रवेश, नळाचं मीटर, सगळी प्रकरणं ताईच्या टेबलावर जायची आणि निकालात निघून परत यायची.

वडील गेले तेव्हा ती बावीस वर्षांची आणि मी पंधराचा. त्या आठवड्यात घरात पहिला फॉर्म आला आणि तो तिनं भरला. एकदा का माणसाला फॉर्म भरता येतो हे घरच्यांना कळलं, की मग त्याची सुटका नसते. प्रत्येक फॉर्मवर मोबाईल नंबरासाठी चौकोनांची एक रांग असते. त्या रांगेत ताई स्वतःचा नंबर लिहायची, कारण आईला मेसेज वाचता येत नाहीत आणि मी वाचत नाही. अशा रीतीनं सोळा वर्षांत बँक, वीज, विमा, गॅस, इतकंच काय माझं स्वतःचं पगाराचं खातं, सगळं तिच्या त्या एका नंबराला जाऊन चिकटलं. मी एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या पार्सल ऑफिसात काउंटरवर बसतो. पावतीवर फोन नंबर नीट लिहा म्हणून दिवसभर लोकांवर खेकसतो. घरी मात्र दिव्याखाली अंधार.

ताई शिलाई मशीनचे सुटे भाग मागवणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात होती. माल परदेशातून यायचा, कॅटलॉग सगळे मँडरिनमध्ये, आणि फोनवर बोलणं व्हायचं ते एका दुभाष्याच्या मार्फत. या दुभाष्यावर तिचा भारी राग. समोरचा माणूस पाच मिनिटं बोलतो आणि हा एका वाक्यात सांगतो, "ते हो म्हणतायत." मग मधलं सगळं जातं कुठे, असं ती जेवताना आम्हाला विचारायची. आम्हाला काय माहीत. शेवटी चौतिसाव्या वर्षी तिनं संध्याकाळचा वर्ग लावला. ऑफिस सुटलं की वर्ग, वर्ग सुटला की घर, घरी आली की आमची प्रकरणं. हे तिनं चार वर्षं ओढलं. आम्हाला वाटलं, असतो एकेकाला नाद.

मग एके दिवशी तिनं पत्र दाखवलं. तिकडच्या एका विद्यापीठात वर्षभर भाषा शिकायची शिष्यवृत्ती मिळाली होती. वर्षाच्या शेवटी परीक्षा, आणि जे त्यात पास होतील त्यांनाच दुसऱ्या वर्षी दुभाष्याचा अभ्यासक्रम. पहिल्या वर्षात तिला रस नव्हता. तिला ते दुसरं वर्ष हवं होतं. ती इतकी हळू आवाजात सांगत होती की जणू काही चोरून आणलंय. आईनं विचारलं, मग घरचं कोण बघणार? ताई म्हणाली, हा आहे ना. आणि माझ्याकडे बोट दाखवलं. त्यावर माझी बायको एवढी हसली की तिला ठसका लागला.

जाण्याआधी ताईनं फाईल केली. पहिल्या पानावर अनुक्रमणिका, मग प्रत्येक खात्याचं एक पान, आणि त्याखाली मोबाईल नंबर बदलायचा असेल तर काय करायचं ते क्रमानं लिहिलेलं. एकेक करून सगळं तुझ्या नंबरावर घे, म्हणाली. मी हो म्हटलं आणि फाईल कपाटावर ठेवली. बायको म्हणाली, "फाईल तर जागेवर पोचली, आता वाचायचंच काय ते राहिलं." ते राहिलंच.

तिकडची तिची खोली आम्ही व्हिडिओवर पाहिली. दोन खाटा, दोन टेबलं, मधे कपडे वाळत घालायची घडीची जाळी. दुसऱ्या खाटेवर एकोणीस वर्षांची एक अबोल मुलगी, जिची आणि ताईची सामाईक भाषा म्हणजे दोघींचीही मोडकी मँडरिन. वर्गात सगळी अठरा-वीसची पोरं. एका वेळी वीस शब्दांचं श्रुतलेखन, ते रोज सकाळी आठला. पोरं आदल्या संध्याकाळी तासभर बघायची आणि त्यांना यायचं. ताईला प्रत्येक अक्षर चौकोनी वहीत पन्नास-पन्नास वेळा गिरवावं लागायचं, तरी सकाळपर्यंत त्यातली चार गळायची. अडतिसाव्या वर्षी डोकं म्हणजे भरलेलं कपाट, नवीन ठेवायचं तर जुनं काढावं लागतं, असं ती म्हणाली होती. मी म्हटलं, मग काढ की. ती म्हणाली, "काढू कुठलं? सिलिंडरचा ग्राहक क्रमांक?"

वर्गातली पोरं तिला त्यांच्या भाषेत मोठी बहीणच म्हणायला लागली. त्यांचे अर्जही हळूहळू तिच्याकडे येऊ लागले. माणूस कुठेही गेला तरी पळसाला पानं तीनच.

खरी अडचण फोनची होती. वर्गाच्या मागच्या भिंतीवर निळ्या कापडाचा एक पडदा टांगलेला होता आणि त्याला खिसे शिवलेले होते. आत शिरताना प्रत्येकानं आपल्या खिशात फोन ठेवायचा आणि वर्ग सुटल्यावरच घ्यायचा. ताईचा खिसा अकरावा. आणि बरोबर त्याच वेळात इकडे आम्हाला सहा आकडी ओटीपी लागायचे. फोन थरथरला की भिंत वाजायची, वर्ग मागे वळून बघायचा आणि बाई बोलायच्या थांबायच्या. या बाई ताईपेक्षा आठ वर्षांनी लहान होत्या, आणि बारा वाजेपर्यंत बोलून बोलून त्यांचा घसा बसलेला असायचा.

तिसऱ्या आठवड्यात ताईनं नियम करून दिला. दोन मिस्ड कॉल म्हणजे ओटीपी हवाय, ती मधल्या सुट्टीत बघून पाठवेल. तीन मिस्ड कॉल म्हणजे आईचं काहीतरी झालंय, मग ती असेल तिथून उठून बाहेर येईल. तीन मी जवळजवळ वर्षभर कधी दिले नाहीत, हे माझ्या बाजूनं सांगायला हवं. दोन मात्र किती दिले याचा हिशेब नाही. मधली सुट्टी दहा मिनिटांची. पोरं पाणी प्यायची, पाय मोकळे करायची. ताई जिन्यापाशी उभी राहून आम्हाला आकडे पाठवायची, आणि वर विचारायची, झालं का? आम्ही कधी कधी झालं म्हणूनही कळवायचो नाही.

ती दमली आहे हे दिसत होतं, पण ती आधीपासूनच तशी दिसायची, त्यामुळे फरक कळत नव्हता. एका रविवारी दुपारी व्हिडिओवर आई तिला पोटदुखीचं सविस्तर सांगत होती. डॉक्टरांनी पित्ताशयात खडे आहेत म्हणून सांगितलं होतं. सांगता सांगता आई थांबली. पडद्यावर ताई टेबलावर हात टेकून बसल्या बसल्या झोपली होती. हातात पेन तसंच होतं. आई म्हणाली, दमली असेल, राहू दे. आणि मग पाच मिनिटांनी मला म्हणाली, पण विम्याचं तिला विचारायला हवं होतं रे.

ऑपरेशनची तारीख ठरली. विम्याची सगळी जुळवाजुळव अर्थात ताईनं तिथून केली. आदल्या रविवारी तिचा फोन आला, तुझ्या मोबाईलवर आत्ता एक नंबर आला असेल, तो वाचून दाखव. मी ऐटीत वाचून दाखवला. आयुष्यात पहिल्यांदा हेडऑफिसनं माझ्याकडे काही मागितलं होतं. कशासाठी ते मी विचारलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिचा मेसेज आला. ताईचे मेसेज लांब असतात, मुद्दे घालून. मी वरच्या दोन ओळी वाचल्या. आईनं उपाशीपोटी यायचं, जुने रिपोर्ट पिवळ्या पिशवीत आहेत. बाकीचं नंतर वाचू म्हणून फोन खिशात टाकला.

सकाळी साडेसातला आम्ही हॉस्पिटलात पोचलो. आई खुर्चीवर बसली आणि शेजारच्या बाईकडे तिच्या खड्यांची चौकशी करायला लागली. मी विम्याच्या काउंटरवर. आतल्या माणसानं कागद पाहिले, बटणं दाबली आणि म्हणाला, "ओटीपी गेलाय, सांगा." मी सवयीनं ताईला एक मिस्ड कॉल दिला, मग दुसरा. आणि थांबलो. पाच मिनिटं झाली, सात झाली. मागच्या रांगेतले लोक घसे खाकरायला लागले. तो माणूस म्हणाला, वेळ संपतेय हो. मी परत एक रिंग दिली. तेवढ्यात तो पडद्याकडे बघून म्हणाला, "शेवटचे आकडे चार-सात. हा कोणाचा नंबर?"

तो माझाच नंबर होता. ओटीपी सात मिनिटांपूर्वी माझ्याच फोनवर येऊन पडला होता. मी कॉल कापला, आकडे सांगितले, रांगेत कोणीतरी हसलं, मीही हसलो.

दोन मिनिटांत ताईचा फोन आला. आवाज धापा टाकल्यासारखा. तिनं एवढंच विचारलं, "आई?"

मी म्हटलं, अगं काही नाही, आई मजेत आहे, अजून आतसुद्धा नेलेलं नाही, शेजारणीशी गप्पा चालल्यात. ओटीपी माझ्याच फोनवर आला होता, मीच गाढव. आणि मी परत हसलो.

मला वाटलं रेंज गेली. मग ती म्हणाली, "बरं. मग ठेवते."

अकरा वाजता आईला आत नेलं. मी बाहेरच्या बाकावर बसलो. करायला काही नव्हतं म्हणून मी तो मेसेज काढला आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. मुद्दा तिसरा: विम्याचा नंबर बदलून तुझा केलाय, रविवारी तू वाचलास तो त्यासाठीच, आता ओटीपी तुझ्याकडे येईल. मुद्दा चौथा: उद्या माझी शेवटची लेखी परीक्षा आहे, तुमच्या घड्याळात सकाळी साडेसहा ते साडेनऊ. मुद्दा पाचवा: बाईंना विचारून फोन चालू ठेवतेय, फक्त आईसाठी. बाहेर गेलं तर परत आत घेणार नाहीत, म्हणून खरंच गरज असेल तरच तीन कॉल दे. आणि शेवटी मुद्दा नसलेली एक ओळ होती: वाचलंस की कळव.

खोटं कशाला सांगू, पहिला विचार मनात आला तो हा, की आता हे ताईला कसं निस्तरता येईल. म्हणजे तेव्हाही हेडऑफिसच.

पुढचं तिनं मला नंतर सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारलं म्हणून. ऐकण्याचा भाग झाला होता, वाचनाचा झाला होता. निबंध सुरू होता, आणि सगळ्यात जास्त गुण त्यालाच होते. पहिल्यांदा भिंत वाजली तेव्हा तिनं मान वर केली नाही. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा पेन थांबलं. ओटीपी असेल असं तिला वाटणंच शक्य नव्हतं, कारण ओटीपीचं कारण तिनं स्वतःच्या हातानं काढून टाकलं होतं. मी चुकून दिला असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली आणि लिहायला लागली. आणखी चार ओळी लिहिल्या. मग तिसरा वाजला. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. बाहेर गेलात तर पेपर घ्यावा लागेल, हे त्या जागेवरून उठून, तिच्याजवळ येऊन, हळू आवाजात म्हणाल्या. ताईनं पेपर त्यांच्या हातात दिला, अकराव्या खिशातून फोन काढला आणि जिन्यात जाऊन मला फोन लावला. मी हसत होतो.

आईचं ऑपरेशन उत्तम झालं. संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं, ताईला कळवलंस का? मी म्हटलं, अगं, ती तर परीक्षा सोडून बाहेर आली होती, तुझ्या काळजीनं. हे मी असं का सांगितलं? कारण ते अर्धं खरं होतं, आणि दुसऱ्या अर्ध्यात मी होतो. आईचे डोळे भरून आले. म्हणाली, माझी पोर.

चार दिवसांनी ताईचा फोन आला. बाईंनी तिच्यासाठी वरपर्यंत जाऊन शब्द टाकला होता. त्या सकाळी आईची प्रकृती गंभीर होती असं हॉस्पिटलचं पत्र आणलं, तर निबंध परत लिहू देतील. मी म्हटलं, एवढंच ना, उद्या देतो. वॉर्डातल्या क्लार्कशी माझी एव्हाना ओळख झाली होती, त्याची पार्सलं आमच्याकडूनच जातात. मला एकदम हलकं वाटलं. आपण बिघडवलं आणि आपणच निस्तरणार.

"नको," ताई म्हणाली.

मी म्हटलं, अगं, एका कागदाचा प्रश्न आहे.

"आई गंभीर नव्हती. ती गप्पा मारत होती, तूच सांगितलंस. मी त्या बाईंना खोटा कागद देणार, त्या तो खरा समजून माझ्यासाठी भांडणार, आणि मग मी वर्षभरानं दुभाषी होऊन लोकांना सांगणार, की मी मधलं काही गाळत नाही. नको रे." आणि पुढे म्हणाली, "खरं काय झालं ते मी लिहून दिलंय. बघू."

खरं काय झालं ते त्यांनी वाचलं आणि नियमाप्रमाणे नाही म्हणून कळवलं. घरच्यांचा गैरसमज ही आणीबाणी धरता येत नाही, असं त्यात होतं. अर्धवट राहिलेल्या निबंधाला जेवढे मिळायचे तेवढे गुण मिळाले. ती अगदी थोडक्यात नापास झाली.

महिन्यानं ती परत आली. दोन बॅगा, त्यातली एक नुसत्या चौकोनी वह्यांची. जुन्या कंपनीनं तिला जुन्याच खुर्चीवर परत घेतलं. तो दुभाषी अजून होता. घरात सगळ्यांना बरं वाटलं, आणि सगळ्यांनी ते तिला बोलूनही दाखवलं. बरं झालं बाई आलीस. मी तेवढ्यात तीन खाती माझ्या नंबरावर घेतली होती, फाईल वाचून. हे मी तिला मोठ्या तोंडानं सांगितलं. ती छान म्हणाली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे, पण तसं तिनं म्हटलं नाही.

दुसऱ्या रविवारी चार-साडेचारला समोरच्या काकू आईला बघायला आल्या. ताईनं चहा केला. आईला आता बोलायला एक विषय मिळाला होता, आणि तिनं तो महिनाभर पुरवून पुरवून वापरला होता. काकूंनाही तिनं सांगितलं, "माझी लेक माझ्यासाठी परदेशात परीक्षा सोडून उठली हो. लोकांची पोरं फोनसुद्धा करत नाहीत."

काकू वा म्हणाल्या. ताई कप गोळा करत होती. तिनं ट्रे खाली ठेवला.

"आई, मला परीक्षा सोडायची नव्हती."

आई हसली आणि मग हसायची थांबली. "मग का उठलीस?" तिनं विचारलं. रागानं नाही, तिला खरंच कळलं नव्हतं.

ताई परत कप गोळा करायला लागली. माझ्याकडे पाहिलंही नाही. एकदा पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. स्वयंपाकघराच्या दारात माझी बायको उभी होती, तिला सगळं माहीत होतं, आणि ती मात्र माझ्याकडेच बघत होती.

"मी उठवलं तिला," मी म्हणालो. आणि सांगितलं. मेसेज न वाचल्याचं, तिसऱ्या कॉलचं, काउंटरवर हसल्याचं, आणि आईला अर्धंच सांगितल्याचंसुद्धा. सांगून व्हायला फार वेळ लागला नाही. काकू दूध तापत ठेवलंय म्हणाल्या आणि गेल्या.

मला वाटलं आई माझ्यावर चिडेल. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. ती ताईला म्हणाली, "किती राहिलं होतं गं लिहायचं?"

"एक पान."

"आणि येत होतं तुला?"

"येत होतं," ताई म्हणाली. मग भिंतीला टेकून उभी राहिली. "आई, मी दमलेय गं. आत्ता नाही, खूप वर्षांची दमलेय. मी जरा पडते."

पाच वाजले होते. उन्हं अजून खिडकीत होती. वडील गेल्यापासून आम्ही तिला या वेळी आडवं झालेलं पाहिलं नव्हतं, आजारपणातसुद्धा नाही. ती आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं आईनं जाऊन पाहिलं आणि दार ओढून घेतलं. बायकोनं कप विसळले. माझी मुलगी खेळून आली आणि आत्या कुठंय म्हणून विचारायला लागली, तिला मी खाली घेऊन गेलो. सात वाजले, आठ वाजले, जेवणाची वेळ झाली, आणि आमच्या घरात कोणीही ताईला उठवायला गेलं नाही.